आमची पावसाची वही



आम्ही माण तालुक्यातल्या एका लहान गावच्या बचत गटातल्या तेराजणी. माइकसमोर आवाज एकीचा असला, तरी काय सांगायचं ते सगळ्यांनी देवळाच्या ओट्यावर बसून ठरवलंय. म्हणून बोलताना 'आम्ही' असंच म्हणणार.

रोहिणी लागून चार दिवस झाले. कुरडया-पापड डब्यात गेले, शेणी रचून त्यावर कागद टाकून झाला, कडब्याची गंजी शाकारली. आता पाणवठ्यावर, दूध डेअरीवर, बाजारात एकच विषय: औंदा पाऊसमान कसं?

याचं उत्तर द्यायला टीव्ही आहे, मोबाइल आहे, पंचांग आहे, पारावरची जाणती माणसं आहेत. उत्तरांना तोटा नाही. पण एक गंमत बघा. उद्या किती पडेल ते सगळे सांगतात, काल आपल्या शिवारात किती पडला ते कुणालाच धड सांगता येत नाही. 'लई पडला', 'ढेकूळ विरघळलं', 'नुसतीच भुरभुर झाली' असलं काहीतरी ऐकायला मिळतं. आणि कालचा हिशेब नसेल तर उद्याच्या अंदाजाचं करायचं काय? घरात पीठ किती आहे हे माहीत नसताना पाहुणे किती येणार हे कळून काय उपयोग, तसंच हे.

बातम्यांत सांगतात, 'सातारा जिल्ह्यात पाऊस'. आता आपला जिल्हा कसा आहे? तिकडं महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडं माणदेशात ५०० च्या आसपास. सह्याद्रीच्या भिंतीवर समुद्राकडचा वारा चढतो, चढताना गार होतो आणि त्यातलं पाणी तिकडंच सांडतं. डोंगर उतरून आपल्याकडं येतो तो रिकामा वारा. आषाढात आपण बघतोच की, पश्चिमेकडून ढगांची नुसती पळापळ चाललेली असते, आणि अंगणातली धूळसुद्धा बसत नाही. म्हणजे 'जिल्ह्यात पाऊस' हे वाक्य खरंच असतं, फक्त तो पाऊस आपला नसतो.

बरं, जिल्ह्याचं सोडा. आमच्या एका गावाच्या तीन वस्त्या आहेत. तिन्हीकडं आम्ही एकेक मापक लावलं. पहिल्याच वर्षी वळवाच्या एका संध्याकाळी गावठाणात ३१ मिलिमीटर झाला, ओढ्याकडच्या वस्तीवर ४, आणि माळावरच्या वस्तीवर बाटली कोरडी. मधलं अंतर दोन-अडीच किलोमीटरचं! बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं म्हातारी माणसं सांगायची, ते आम्हाला आकड्यात दिसलं. सरकारी यंत्र आहे मंडळाच्या गावाला, आमच्यापासून ११ किलोमीटरवर. ते आपल्या जागी बरोबरच मोजत असणार. पण आमच्या माळावरची बाजरी त्याच्या पावसावर थोडीच उगवणार?

आता मापक कसं करायचं ते सांगतो, कारण विकतचं आणायलाच पाहिजे असं नाही. थंड पेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, सरळ अंगाची, मधे कंबर नसलेली. जिथं गळ्याकडचा उतार सुरू होतो तिथं कापा. कापलेला वरचा भाग उलटा करून आत बसवा, त्याचं नरसाळं होतं. नरसाळ्यामुळं आतलं पाणी उन्हानं लवकर उडत नाही. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून आत मूठभर खडे टाका आणि अंग जिथं सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरा. तिथं रेघ मारा. ती शून्याची रेघ. तिच्यापासून वर शाळेच्या पट्टीवरचे मिलिमीटर उतरवा, किंवा कागदी पट्टी चिकटवून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. झालं.

आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, बाटली लहान-मोठी असली तर आकडा बदलेल का? नाही बदलत. तोंड मोठं असलं तर पाणी जास्त येतं, पण तळही मोठा असतो, त्यामुळं उंची तेवढीच भरते. अट एकच, भांडं वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचं पाहिजे. बादली किंवा घमेलं चालत नाही. त्याचं तोंड मोठं आणि बूड लहान, ते नेहमी जास्तच दाखवणार.

बाटली ठेवायची कुठं, याला मात्र महत्त्व आहे. पत्र्याच्या पागोळीखाली नको, झाडाखाली नको, भिंतीच्या आडोशाला नको. घर जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब. जमिनीपासून तोंड वीत-दीड वीत वर असू द्या, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडत नाहीत. वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती विटा रचा. आणि कोंबड्या-शेरडांपासून जपा. आमची पहिली बाटली एका बोकडानं चावून टाकली.

वाचन रोज सकाळी साडेआठला. सगळ्या देशात हवामान खात्याची माणसं याच वेळेला पाऊस मोजतात. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. आकडा लिहिला की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं. साडेआठ म्हणजे आपल्या दृष्टीनं किती अडचणीची वेळ, ते काय सांगायचं! डबे, शाळा, धारा काढून डेअरीला जायची घाई. म्हणून आम्ही वार वाटून घेतले. सोमवार एकीचा, मंगळवार दुसरीचा. माहेरी जायचं असेल तर आपला वार दुसरीला सोपवून जायचा. चार वर्षांत आमच्या वहीत कोरी राहिलेली जागा फार थोडी आहे. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं. आपल्या भागात शून्यांचीच रांग मोठी असते, आणि ती रांग किती लांबली हेच तर कळायला हवं असतं.

मिलिमीटर म्हटलं की आधी आमच्यातल्या कित्येकींना ते शाळेतलं काहीतरी वाटायचं. मग आम्ही त्याचे हंडे केले. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. तुमच्या घरावर २० बाय १५ फुटांचा पत्रा असेल तर १० मिलिमीटरच्या एका सरीत त्यावरून पावणेतीनशे लिटरच्या वर पाणी वाहून जातं. १५ लिटरचे १८ हंडे! हा हिशेब मांडला त्या आठवड्यात गटातल्या चौघींनी पागोळीला पन्हळ लावून घेतली. एकरावर २५ मिलिमीटर पडला तर १ लाख लिटर होतात, म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर. टँकरची वाट बघत रांगेत उभं राहिलेल्या बाईला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

जुनं माप मात्र आम्ही सोडलेलं नाही. पाऊस झाल्यावर शेतात खुरप्यानं उकरून ओल किती बोटं गेली ते बघायचं आणि तेही वहीत लिहायचं. २० मिलिमीटर मुरमाड माळावर एक काम करतो आणि काळ्या रानात दुसरं. बाटली पाऊस सांगते, ओल रान सांगतं.

जाता जाता एका बाईंची ओळख करून देतो. त्यांचं नाव अण्णा मणी. नाव ऐकून आपल्याला कुणीतरी मिशीवाले अण्णा वाटतील, पण या केरळातल्या बाई. जन्म १९१८ चा. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. ती इथं, आपल्या कारखान्यांत, नेमक्या मापाची बनावीत म्हणून त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के करून घेतले. खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६ साली निवृत्त झाल्या. मोजमाप चुकीचं असण्यापेक्षा नसलेलं बरं, अशा मताच्या त्या होत्या. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलेलं आहे.

आता या वहीचा उपयोग काय झाला ते.

दोन वर्षांमागं मृगाच्या दुसऱ्याच दिवशी पाऊस आला. वहीत आकडा २२. दुसऱ्या दिवशी ९. एक दिवस सोडून १६. मातीचा वास सुटला, सगळं गाव हरखलं, ट्रॅक्टरवाल्याकडं रांग लागली. मृगाची पेरणी साधली की वर्ष साधलं, अशी आपल्याकडची समजूत, आणि ती उगीच नाही. लवकर पेरलेलं पीक जोमदार येतं हे आपण बघितलेलं आहे. पण आमच्या वहीतली बेरीज होती ४७. आणि कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्या आठवड्याच्या अंदाजातही पुढं पावसाचा जोर कमी होणार असं होतं.

गटातल्या सहा घरांनी बियाण्या-खतासाठी गटाचं कर्ज उचललं होतं. म्हणून प्रश्न सगळ्यांचा झाला. त्या रात्रीची बैठक अकरापर्यंत चालली. एक सासूबाई म्हणाल्या, "मृग टाळून पेरायचं म्हणजे मुहूर्त टळल्यावर लग्न लावायचं." घरोघरच्या पुरुषमंडळींचं म्हणणं, आता बाटलीत बघून पेरणी करायची का? आम्ही जबरदस्ती कुणावर केली नाही, करणारही नाही. रान ज्याचं त्याचं. वही मधे ठेवली, बेरीज मोठ्यानं वाचली, आणि एक दाणा वाया गेला तर पुन्हा पिशवी, पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा मजुरी किती लागेल त्याचा आकडा शेजारी लिहिला. पाच घरांनी थांबायचं ठरवलं. एका घरानं पेरलं.

मग १७ दिवस उघडीप. नुसता वारा. वहीत शून्याखाली शून्य. उगवून आलेली बाजरी माना टाकायला लागली तेव्हा बांधावर जाववत नव्हतं. गावातल्या बऱ्याच रानांत दुबार पेरणी झाली. जूनच्या शेवटी दोन दिवसांत ३८ मिलिमीटर झाला, बेरीज ८५ वर गेली, वापसा आला आणि आमच्या पाच घरांनी पेरलं. त्यांचं बियाणं एकदाच लागलं. सहाव्या घराच्या कर्जाचे हप्ते गटानं पुढं ढकलून दिले.

यात शहाणपणाचा तोरा मिरवण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला असता तर लवकर पेरणाऱ्यांची बाजरी आमच्या बाजरीच्या टीचभर पुढं गेली असती आणि आम्हाला वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. तेही झालं असतं तर आम्ही सोसलं असतं, कारण ठरवताना आमच्यासमोर आकडा होता. त्या वर्षापासून आम्ही रोजचं वाचन डेअरीच्या फळ्यावरही लिहितो. बाटलीत बघून पेरणी करायची का असं म्हणणारे दाजी आता कॅन ठेवता ठेवता विचारतात, "वहिनी, आज किती झाला?"

अंदाजाचे शब्द समजून घेण्यात आम्ही बराच वेळ घातला, आणि तो वाया गेला नाही. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणतात ना, त्याला ठरलेला अर्थ आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या शंभर केंद्रांपैकी पंचवीसपर्यंत केंद्रांवर पडेल, असा तो अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. आता तुरळक सांगितलंय आणि आपल्याकडं पडला नाही, तर अंदाज खोटा ठरला का? चारांतल्या तिघींना तो चुकवून जाणार हे त्यात आधीच सांगितलेलं होतं. तसंच रंगांचं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे रंगही बहुतेक वेळा जिल्ह्याला दिलेले असतात. केशरी रंग महाबळेश्वर-कोयनेच्या घाटासाठी आहे की आपल्या पूर्वेच्या तालुक्यांसाठी, ते खाली लिहिलेलं वाचायचं. आणि २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला तरच खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस. आमच्या वहीत असे दिवस चार वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एप्रिलमध्ये येतो तो सगळ्या हंगामाचा अंदाज. 'सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के, म्हणजे सर्वसाधारण' असं काहीतरी ऐकू येतं आणि आपण निर्धास्त होतो. ती सरासरी अख्ख्या देशाची, चार महिन्यांची. बचत गटात बघा, सरासरी बचत महिन्याला २०० रुपये भरली तरी एखादीच्या पुस्तकात त्या महिन्याला भोपळा असतोच. तो अंदाज सरकारनं धान्याचं नियोजन करावं म्हणून ठीक. आपण पेरणी ठरवायची ती चार-पाच दिवसांच्या अंदाजावर, आणि तोही रोज नव्यानं बघून. जितका जवळचा अंदाज तितका भरवशाचा. 'मेघदूत' नावाचं मोफत ॲप आहे, त्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा अंदाज आणि पिकांचा सल्ला मराठीत येतो. मोबाइलवर फिरणाऱ्या 'पुढचे ४८ तास धोक्याचे' अशा निरोपांना आम्ही एकच प्रश्न विचारतो, तारीख कुठली? निम्म्यांवर तारीखच नसते.

आणि पंचांगाचं काय? घरात आहेच, आणि राहणारच. नक्षत्रं सूर्यावर चालतात, तिथीवर नाही. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, श्रावण पुढं-मागं झाला तरी. आपल्या वाडवडिलांचं ते शेतीचं कॅलेंडर आहे आणि ते पक्कं आहे. कुठल्या पंधरवड्यात कसला पाऊस असतो ते त्यातून कळतं. पण वाहन बेडूक आहे की गाढव आहे, हे गणितानं काढतात. ते काढणाऱ्यानं आभाळाकडं बघितलेलं नसतं. वाहन म्हैस असलेल्या नक्षत्रात आमच्या वहीत सलग दहा शून्यं आहेत.

आपल्या भागाचा खरा पाऊस भाद्रपद-अश्विनातला. हादग्याला पाटावर हत्ती काढून आपण फेर धरतो, तो हस्ताचा पाऊस. त्याच्यावर आपली शाळू ज्वारी, त्याच्यावर विहिरीचं पाणी. या दिवसांत वारं फिरतं. पश्चिमेच्या पळत्या ढगांऐवजी दुपारनंतर उगवतीकडून काळेभोर ढग चढायला लागतात. म्हणून सप्टेंबर लागला की आम्ही बातम्यांत दुसरंच ऐकतो, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय का? कमी दाब म्हणजे काय, तर समुद्रावरची गरम, ओली हवा वर उठते आणि ती जागा भरायला चारी बाजूंनी वारा धावतो. हे असलं क्षेत्र किनाऱ्यावर चढून पश्चिमेकडं सरकलं तर दोन-तीन दिवसांत आपल्या दारात येऊ शकतं. १३ ऑक्टोबर २०२० ला सकाळी असंच एक मोठं वादळी क्षेत्र आंध्रात काकिनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं. त्या रात्री हैदराबादेत पाणी घराघरांत शिरलं. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, ते सोलापूर-पंढरपूर भागावर होतं आणि काढणीला आलेली पिकं पाण्यात बुडाली. मग ते अरबी समुद्रात निघून गेलं. काकिनाडा कुठं आणि पंढरपूर कुठं! पण ज्यांनी त्या वाटेवर डोळा ठेवला त्यांच्या हातात एक दिवस होता. एका दिवसात धान्य आत घेता येतं, जनावरं ओढ्याकाठावरून हलवता येतात, विहिरीवरची मोटार वर काढता येते.

एक तक्रार मात्र करायचीय. पीकसल्ला येतो तो सोयाबीन, ऊस, कांदा, डाळिंब यांचा. आमच्या पापडांचा सल्ला कोण देणार? वैशाखात आठ दिवस खपून घातलेलं वाळवण एका सरीत मातीमोल होतं. सरपण भिजलं की पुढचे चार दिवस धुरात स्वयंपाक. शेणी भिजल्या की संपलंच. यातल्या पैशाचा पंचनामा कुणी करत नाही. म्हणून वहीत आम्ही एक जादा रकाना आखलाय, दुपारी आभाळ कसं होतं त्याचा. सकाळी अकरालाच कापसाच्या बोंडांसारखे ढग वर वाढायला लागले, उकडहंडी झाली, आणि तीनच्या सुमाराला ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, की चारच्या आत गच्ची रिकामी करायची. दर वेळी पाऊस येतोच असं नाही. पण कुरडया दोनदा खालीवर करण्याचे कष्ट नव्यानं गहू भिजत घालण्यापेक्षा कमीच.

आणि आता विजेचं. हे नीट ऐका, चुलीवर काही असेल तर उतरवून ठेवा.

मागच्या वैशाखात आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या सासू-सुना शेळ्या घेऊन चिंचेखाली थांबल्या होत्या. पावसाचा थेंब नव्हता, नुसतं लांब गुरगुरत होतं. सून आमच्या गटातली. वीज लवली तसं तिनं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. नवाला गडगडाट ऐकू आला. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. नऊ म्हणजे तीन किलोमीटर. तिनं सासूबाईंना ओढतच शाळेच्या पक्क्या इमारतीत नेलं. सासूबाई शेळ्यांसाठी ओरडत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत ती चिंच उभी फाटली. खाली तीन शेळ्या मेल्या. घर गरिबाचं, तीन शेळ्या म्हणजे काही थोडं नुकसान नाही. पण दोघीजणी घरी आल्या.

तर हिशेब असा. लवलेली वीज आणि तिचा आवाज यात तीसपेक्षा कमी अंक मोजले गेले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच निघायचं, पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही, कारण वीज पावसाच्या पुढं येऊन पडते. पक्कं घर, शाळा, नाहीतर काचा लावलेली जीप. झाडाखाली नाही, चारी बाजूंनी उघड्या शेडखाली नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आसरा नसलाच तर एकट्या उंच झाडापासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली. आडवं पडायचं नाही, एकमेकींना बिलगून बसायचं नाही. 'दामिनी' नावाचं ॲप पुण्याच्या संस्थेनं केलंय. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते ते दाखवतं. पण रानात रेंज जाते, तिथं अंक मोजणंच खरं.

पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. आमच्यात एकजण पायाळू आहे. लहानपणी ढग आले की तिला एकटीला वेगळं बसवायचे, तिची सावली नको म्हणायचे. वीज जन्म कसा झाला ते विचारत नाही. ती आजूबाजूच्या उंचवट्याकडं ओढली जाते. पोरींना असलं काही सांगू नका. आणि वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो, हेही खोटं. त्याला लगेच हात लावता येतो, लावलाच पाहिजे. १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. घाबरून बाजूला उभं राहण्यात जातात ती मिनिटं फार महागाची असतात.

मृगाला अजून आठ-दहा दिवस आहेत. तेवढ्यात बाटली कापून, रेघा मारून होते. कुणाला रेघा मारायचं जमलं नाही तर आम्ही येऊन मारून देऊ, चहा तुमचा.

काल संध्याकाळी उगवतीकडं वीज लवली, सत्तरपर्यंत मोजूनही आवाज आला नाही. आज सकाळच्या रकान्यात लिहिलंय: २९ मे, ० मिलिमीटर, वारा पश्चिमेचा, आभाळ मोकळं. उद्याचा वार धाकट्या जाऊबाईंचा आहे.